उजवी बंदूक, डावा खांदा: डावखुऱ्या शॉटगन नेमबाजांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नेमबाजी शिकणारे बहुतेक जण १० मीटरच्या एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाने सुरुवात करतात. तिथे डावखुऱ्याचं फारसं अडत नाही. पिस्तुलाची मूठ डाव्या हातासाठी वेगळी मिळते आणि स्पर्धेच्या एअर रायफलचा गालाचा भाग बराचसा इकडेतिकडे सरकवता येतो. बालेवाडीला किंवा घराजवळच्या रेंजवर दोन-तीन वर्षं छान गेलेली असतात. मग कुणी ट्रॅप किंवा स्कीटकडे, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या (क्ले) शॉटगनने फोडण्याच्या खेळांकडे वळतं, हातात १२ बोअरची शॉटगन येते आणि लक्षात येतं की ही वस्तू कुणा उजव्या माणसाच्या मापाने घडवलेली आहे. तिथून जे प्रश्न सुरू होतात, त्यांची ही उत्तरं.

डावखुऱ्या माणसाला उजवी शॉटगन चालवता येते का?

येते. पण "येते" म्हणजे आहे तशी उचलली, खांद्याला लावली आणि निभावलं, असं नव्हे. काय अडतंय ते समजून घेतलं तर बहुतेक गोष्टींवर इलाज आहे. न समजता वर्षभर रेटलं तर चुकीची सवय लागते, आणि ती मोडायला शिकण्याहून जास्त काळ जातो. म्हणून बंदूक हातात घेण्याआधी खालचे पहिले तीन-चार प्रश्न तरी नीट वाचा.

सुरुवातीला काय ठरवायचं, हात की खांदा?

दोन्ही नाही. आधी डोळा ठरवायचा.

रायफलला मागे एक आणि पुढे एक अशा दोन साइट असतात. शॉटगनला नळीच्या टोकाशी फक्त एक बारीक मणी असतो, त्याला बीड म्हणतात. मागची साइट नसतेच, ती जागा तुमच्या डोळ्याची. डोळा रिबच्या (नळीच्या वरच्या लांब पट्टीच्या) बरोबर मध्यावर असेल तर छर्रे तुम्ही बघताय तिथे जातील. डोळा उजवीकडे सरकला तर छर्रे उजवीकडे, डावीकडे सरकला तर डावीकडे.

त्यात शॉटगन दोन्ही डोळे उघडे ठेवून चालवायची असते. क्ले ११० मिलिमीटर व्यासाची आणि ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने सुटलेली. एक डोळा मिटला की तिचा वेग आणि अंतर जोखण्याची निम्मी क्षमता गेली. पण दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू एकाच डोळ्याचं ऐकतो. त्याला रेंजवर सगळे मास्टर आय म्हणतात.

आता समजा बंदूक डाव्या खांद्यावर आहे, पण मास्टर आय उजवा आहे. मेंदू उजव्या डोळ्यापासून बीडपर्यंत रेषा ओढतो, नळी मात्र डाव्या डोळ्याखाली असते. दोन डोळ्यांत साधारण ६ सेंटिमीटर अंतर, डोळ्यापासून बीडपर्यंत साधारण १ मीटर. म्हणजे ३५ मीटरवर छर्रे क्लेच्या उजवीकडून जवळपास २ मीटरवरून जाणार. "सर, बरोबर क्लेवरच धरली होती" असं मुलगा कळवळून सांगतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. त्याला तसंच दिसलेलं असतं.

मास्टर आय घरच्या घरी कसा ओळखायचा?

दोन्ही हात पुढे ताठ करा. तळवे बाहेरच्या बाजूला वळवून अंगठे आणि बोटं एकमेकांवर अशी ठेवा की मध्ये रुपयाच्या नाण्याएवढी फट राहील. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरचं काहीतरी पकडा. सहकारनगर, दत्तवाडीकडे राहत असाल तर गच्चीवरून पर्वतीवरच्या देवळाचा कळस घ्या. नजर न हलवता हात सावकाश चेहऱ्याकडे आणा. फट ज्या डोळ्यावर येऊन थांबेल तो मास्टर आय.

दुसरी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. समोर तीन-चार मीटरवर कुणाला तरी उभं करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून, पटकन, विचार न करता, त्यांच्या नाकाकडे बोट रोखा. तुमचं बोट तुमच्या कोणत्या डोळ्याच्या खाली दिसतंय हे समोरच्याने सांगायचं. ही चाचणी फक्त बोटाने करायची. बंदूक रिकामी असली तरी ती कुणाकडेही रोखायची नाही, यात अपवाद नाही.

एकदा करून निकाल धरू नका. सकाळी, रात्री, थकल्यावर, चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय करून बघा. काहींचा निकाल दर वेळी बदलतो, काहींचं बोट चक्क दोन डोळ्यांच्या मध्ये येतं. लहान मुलांमध्ये असं अस्थिर चित्र बरंच दिसतं. तिथे घाईने निर्णय न घेता काही महिन्यांनी पुन्हा तपासावं.

मुलगा लिहितो उजव्या हाताने, पण चेंडू डाव्याने फेकतो. मग तो डावखुरा धरायचा का?

आपल्याकडे हा प्रश्न फार येतो, आणि त्याचं कारण घरातच असतं. जेवायचं उजव्या हाताने, प्रसाद उजव्या हातावर, आणि पाटीवर पेन्सिल धरताना आजीने हळूच बदललेला हात. अनेक डावखुरी मुलं लिहिण्यापुरती उजवी झालेली असतात. त्यामुळे लिहिण्याचा हात हा पुरावा म्हणून मी धरत नाही. चेंडू कोणत्या हाताने फेकतो, दात कोणत्या हाताने घासतो, हातोडी किंवा कात्री आपणहून कोणत्या हातात जाते, कॅरमचा स्ट्रायकर कोणत्या बोटाने मारतो, हे बघा. आणि हे सगळं बघून झाल्यावरही पहिला मान डोळ्यालाच द्या.

हात डावा आणि मास्टर आय उजवा निघाला तर?

हे दुर्मीळ नाही. साधारण दोन तृतीयांश लोकांचा मास्टर आय उजवा असतो आणि डावखुऱ्यांमध्येही असे पुष्कळ सापडतात. अशा वेळी तीन वाटा आहेत.

अगदी नवीन असाल, हातात अजून बंदूक घेतलेली नसेल, तर सरळ उजव्या खांद्यावरून शिका. पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होईल. पण शॉटगनमध्ये पुढचा हात नळी फिरवतो आणि दिशा देतो, मागचा हात खांद्यात धरतो आणि ट्रिगर ओढतो. उजव्या खांद्यावर बंदूक घेतली की तुमचा तरबेज डावा हात पुढे येतो, आणि तो तिथे वाया जात नाही. शिवाय बाजारातली प्रत्येक बंदूक तुमच्या मापाची होते. डावखुऱ्या माणसाने उजव्या खांद्यावरून शिकावं असं मी फक्त याच एका परिस्थितीत म्हणेन.

डाव्या खांद्याची सवय पक्की झाली असेल तर दुसरी वाट: उजव्या डोळ्यासमोरच्या काचेवर धुरकट टेप. करंगळीच्या नखाएवढा अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा घ्या. रिकामी, उघडून तपासलेली बंदूक आरशासमोर डाव्या खांद्यावर नेहमीसारखी लावा आणि बीडकडे बघा. उजव्या डोळ्यातून बीड काचेच्या ज्या बिंदूतून दिसतो, बरोबर तिथे तो तुकडा बसला पाहिजे. हा बिंदू बहुधा काचेच्या वरच्या भागात, नाकाच्या बाजूला येतो, कारण बंदूक लावताना मान किंचित झुकलेली असते. तुकडा मोठा लावला तर बाजूची नजर जाते आणि क्ले उशिरा दिसते. छोटा आणि अचूक लावला तर उजव्या डोळ्याला फक्त बीड दिसत नाही, बाकी सगळं दिसतं. मेंदू मग गुपचूप डाव्या डोळ्याकडे वळतो.

तिसरी वाट म्हणजे गोळी झाडण्याच्या क्षणी उजवा डोळा मिटणं. काही जण यातही चांगले गुण काढतात. पण मिटण्याची वेळ दर वेळी तीच ठेवावी लागते, आणि दमल्यावर ती चुकते. टेप जमत नसेल तरच इकडे या.

हात आणि डोळा दोन्ही डावे असतील तर उजव्या बंदुकीत नेमकं काय नडतं?

दस्ता. म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग. बाकीच्या गोष्टींशी जुळवून घेता येतं, दस्त्याशी येत नाही.

बहुतेक शॉटगनचा लाकडी दस्ता नळीच्या सरळ रेषेत नसतो. मागच्या टोकाकडे तो काही मिलिमीटर उजवीकडे झुकवलेला असतो. याला कास्ट म्हणतात. उजव्या माणसाने उजव्या खांद्यावर बंदूक लावली की त्या झुकावामुळे गाल टेकवताच रिब आपोआप उजव्या डोळ्याखाली येते. खालच्या टोकाला हा झुकाव वरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे टोक छातीत रुतत नाही.

डाव्या खांद्यावर हेच सगळं उलटं पडतं. डावखुऱ्याचा चेहरा दस्त्याच्या उजव्या बाजूला असतो आणि दस्ताही उजवीकडेच येतो, म्हणजे थेट गालात. गाल ढकलला जातो, डोळा रिबच्या मध्यावरून उजवीकडे सरकतो आणि छर्रे उजवीकडे जातात. खालचं टोक छातीच्या स्नायूत घुसतं. गोळी सुटल्यावर बंदूक मागे येते तेव्हा कोंब गालाच्या हाडावर आपटतो. कोंब म्हणजे दस्त्याची वरची कड, जिथे गाल टेकतो.

मग माणूस नकळत दोनपैकी एक गोष्ट करतो. मान वाकडी करून डोळा ओढूनताणून मध्यावर आणतो, नाहीतर गाल दस्त्यावर टेकवायचंच सोडून देतो. पहिल्याने मान धरते. दुसऱ्याने डोळा वर जातो आणि छर्रे क्लेच्या वरून निघून जातात.

काही बंदुकांच्या मुठीला उजव्या तळव्यासाठी फुगीर उंचवटाही असतो. डाव्या हाताने धरली की तो तळव्याऐवजी बोटांखाली येतो आणि पकड दर वेळी वेगळी बसते.

माझ्या बंदुकीला कास्ट किती आहे ते कसं बघायचं?

शिवणाचा पांढरा दोरा आणि चिकटपट्टी एवढं पुरे. बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करा, आणखी एकाकडून खात्री करून घ्या, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. बंदूक बंद करून टेबलावर मऊ कापडावर उताणी नव्हे, सरळ ठेवा, रिब वर. दोऱ्याचं एक टोक बीडच्या बरोबर मध्यावर चिकटवा. दुसरं टोक रिबच्या मधोमध जाईल असं ताणून थेट दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत, म्हणजे बटपर्यंत न्या. आता बटच्या मागे उभं राहून, एक डोळा मिटून, बरोबर वरून बघा. दोरा बटच्या मध्यावरून गेला तर दस्ता सरळ आहे. बटचा मध्य दोऱ्याच्या उजवीकडे असेल तर कास्ट उजव्या माणसासाठी आहे, डावीकडे असेल तर डावखुऱ्यासाठी. अंतर मोजपट्टीने मोजा आणि लिहून ठेवा. बंदूकवाल्याकडे जाताना हा आकडा सोबत असला की "थोडीशी बसत नाही" असं मोघम सांगावं लागत नाही.

तीन-चार मिलिमीटरने एवढा काय फरक पडतो?

हिशोब करून बघा. डोळा ३ मिलिमीटर बाजूला आणि डोळ्यापासून बीडपर्यंत १ मीटर. क्ले ३५ मीटरवर असेल तर छर्र्यांचा मध्य साधारण १० सेंटिमीटर सरकतो. म्हणजे जवळपास पूर्ण एक क्ले. छर्रे पसरतात त्यामुळे काही क्ले तरीही फुटतील, पण कडेच्या विरळ छर्र्यांनी. "फुटते कधी, नाही फुटत कधी, कळतच नाही" ही तक्रार इथून येते.

खरी परीक्षा कागदावर होते. रेंजवर परवानगी घेऊन १५ मीटरवर मोठा कागद लावा. वर्तमानपत्राचे चार ताव जोडले तरी चालतात. मध्ये जाड मार्करने ठिपका काढा. खाली बंदूक धरा, ठिपक्याकडे बघा, सहज खांद्यावर घ्या आणि झाडा. नेम धरत बसू नका, नाहीतर डोळा स्वतःला दुरुस्त करून घेईल. दर वेळी नवा कागद न लावता चार-पाच गोळ्या त्याच कागदावर झाडा म्हणजे दाट भाग ठळक दिसतो. तो ठिपक्याच्या उजवीकडे सातत्याने येत असेल तर दोष कास्टचा. उजवीकडे-डावीकडे विखुरलेला असेल तर आधी खांद्यावर घेण्याची सवय सुधारा, बंदुकीला हात लावू नका.

मग उपाय काय?

बंदुकीच्या जातीवर अवलंबून आहे.

दस्त्याला वरखाली-आडवा सरकणारा कोंब असेल तर अर्धं काम झालं. तो डावीकडे सरकवून डोळा मध्यावर आणता येतो. बटच्या टोकाचा कास्ट मात्र तसाच राहतो. स्पर्धेसाठी नवी बंदूक घेणाऱ्या डावखुऱ्याने असा कोंब असलेलीच घ्यावी.

बेरेटा, बेनेली यांच्या बऱ्याच सेमी-ऑटोंबरोबर (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकांबरोबर) दस्ता आणि बॉडी यांच्यामध्ये बसवायच्या पातळ चकत्या येतात. त्या उलटवल्या की कास्ट उजवीकडून डावीकडे होतो. अनेक मालकांना त्या डब्यात पडून आहेत हेच माहीत नसतं. विकत घेताना डबा उघडून बघा.

अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता वाकवता येतो. पकडीजवळचा भाग तेल आणि उष्णतेने मऊ करून, शिकंज्यात हळूहळू हवा तेवढा वळवतात आणि थंड होईपर्यंत तसाच ठेवतात. लाकडाच्या रेषा पकडीतून सरळ जात असतील तर काम छान होतं. रेषा आडव्या असतील तर चीर जाण्याचा धोका असतो, आणि असा दस्ता चांगला कारागीर हातात घेत नाही. प्लास्टिकचे दस्ते असे वाकत नाहीत. हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यायचं. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार परवान्याशिवाय करता येत नाहीत. गल्लीतला सुतार कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे बंदूक न्यायची नाही.

आणि एक साधा उपाय: सरळ दस्त्याची, कास्ट नसलेली बंदूक शोधा. चेहरा अरुंद असेल तर ती डाव्या खांद्यावर बऱ्यापैकी बसते.

ओव्हर-अंडर, साइड बाय साइड, पंप की सेमी-ऑटो?

डावखुऱ्याला मी ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची बंदूक सुचवेन. मधून उघडते, रिकामी काडतुसं सरळ मागे येतात, सेफ्टी वरच्या बाजूला मध्यावर असते आणि दोन्ही अंगठ्यांना सारखीच पडते. उरतो तो उघडायचा लिव्हर. तो उजवीकडे ढकलायचा असतो आणि उजव्या अंगठ्याला ते सहज जमतं. डाव्या अंगठ्याने जरा वेगळ्या कोनातून रेटावं लागतं. नवी बंदूक घट्ट असते तेव्हा त्रास वाटतो, मग हात बसतो.

साइड बाय साइडमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्यांच्या बंदुकीत, एकच ट्रिगर असेल तर वरच्यासारखंच. दोन ट्रिगर असतील तर त्यांची मांडणी उजव्या बोटासाठी केलेली असते, त्यामुळे डावं बोट पुढच्यावरून मागच्यावर नेताना अडखळतं.

पंप (पुढची मूठ मागेपुढे ओढून भरायची) आणि सेमी-ऑटोत रिकामं काडतूस उजवीकडून बाहेर पडतं, म्हणजे डावखुऱ्याच्या चेहऱ्यासमोरून. ते सहसा लागत नाही, कारण काडतूस बाहेर पडायची खिडकी चेहऱ्याच्या पुढे असते. पण जळक्या दारूचे कण आणि वायू डोळ्यांकडे येऊ शकतात. चष्मा तर सगळ्यांनाच हवा, डावखुऱ्याने तो बाजूने बंद असलेला घ्यावा. ब्राउनिंग बीपीएस आणि इथाका ३७ या पंप बंदुकांमध्ये काडतूस खालून पडतं, त्यामुळे त्या डावखुऱ्यांच्या जुन्या आवडीच्या. रेमिंग्टनने ८७० आणि ११०० या मॉडेलच्या पूर्ण डाव्या आवृत्त्या काढल्या होत्या, बेनेलीही डाव्या बंदुका बनवते.

ट्रिगरमागच्या बटणाच्या सेफ्टीचं काय?

हा खरा धोक्याचा मुद्दा आहे, म्हणून वेगळा घेतला. अनेक पंप आणि सेमी-ऑटोंना ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कडीत) आरपार बटण असतं. उजवं बोट ते उजवीकडून डावीकडे ढकलून बंदूक तयार करतं. डावखुऱ्याला त्यासाठी बोट गार्डखालून पलीकडे न्यावं लागतं आणि परतताना ते ट्रिगरवर घासू शकतं. बटण उलटं बसवता येतं का ते परवानाधारक कारागिराला विचारा, बऱ्याच मॉडेलमध्ये येतं. मॉसबर्ग ५०० ची सेफ्टी वर मध्यावर असते, तिथे हा प्रश्नच नाही. सेफ्टी कुठलीही असली तरी स्टेशनवर (झाडण्यासाठी उभं राहायच्या ठरलेल्या जागी) उभं राहून आपली पाळी येईपर्यंत बंदूक उघडी आणि रिकामी हवी.

ट्रॅप आणि स्कीटमध्ये उभं राहण्यात काय बदलतं?

सगळं आरशातल्यासारखं. उजवा पाय पुढे, वजन थोडं पुढच्या पायावर, उजवा हात नळीखाली.

जास्त महत्त्वाचं आहे ते वळणं. डावखुऱ्याने बंदूक उजवीकडे फिरवली की दस्ता गालावर दाबला जातो, डावीकडे फिरवली की गालापासून सुटायला बघतो. उजव्या नेमबाजाचं बरोबर उलटं. त्यामुळे ट्रॅपमध्ये १ नंबरच्या स्टेशनवरून तिरपी डावीकडे जाणारी क्ले तुम्हाला जड जाईल, तर ५ नंबरवरून उजवीकडे जाणारी, जिच्या नावाने बाकीचे कुरकुरतात, ती सोपी वाटेल. १ नंबरवर उभं राहताना पाय आधीच थोडे जास्त डावीकडे वळवून ठेवा. जिथे क्ले फोडायची तिथे शरीर सैल असलं पाहिजे, पीळ सुरुवातीला घ्यायचा. स्कीटमध्ये डावीकडच्या उंच घरातून येणारी क्ले उजवीकडे जाते, ती तुमची. उजवीकडच्या बुटक्या घरातल्या क्लेवर जास्त सराव करा. शिवाय ऑलिंपिक स्कीटमध्ये क्ले दिसेपर्यंत बट कमरेशी ठेवावी लागते, म्हणजे खांद्यावर घेताना चुकीच्या कास्टला नीट बसवून घ्यायला वेळच नाही. स्कीट खेळणाऱ्या डावखुऱ्याने म्हणूनच फिटिंगमध्ये तडजोड करू नये.

प्रशिक्षक उजव्या नेमबाजाच्या उजव्या खांद्यामागे उभे राहून नळीची दिशा बघतात. तुमच्या डाव्या खांद्यामागे उभं राहायला त्यांना सांगा. जॅकेट घेताना पॅड डाव्या खांद्यावर आणि काडतुसांचा खिसा डावीकडे बघून घ्या.

प्रशिक्षक म्हणतात, सगळ्या बंदुका उजव्या आहेत, तू उजव्यानेच शिक. ऐकावं का?

मास्टर आय उजवा असेल तर ऐका. डावा असेल तर आदराने नाही म्हणा, आणि चाचणी त्यांच्यासमोर करून दाखवा. क्लबकडे डावी बंदूक नाही ही खरी अडचण आहे, मला ती कळते. पण त्यासाठी मुलाचा डोळा बदलायला सांगणं म्हणजे चप्पल बसत नाही म्हणून पाय कापणं. क्लबची एक बंदूक सरकत्या कोंबाची असली तरी डावखुऱ्यांची सोय होते. पालकांनी मिळून ही मागणी करावी, कारण मूल एकटं ती करू शकत नाही.

स्वतःची बंदूक घ्यायची तर परवान्याचं काय?

पुणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, पिंपरी-चिंचवडमध्ये २०१८ पासून तिथल्या वेगळ्या आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. मान्यताप्राप्त खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. २१ वर्षांखालच्यांना स्वतःच्या नावावर बंदूक घेता येत नाही, प्रशिक्षणासाठी देखरेखीखाली वापरण्याची सोय आहे. संख्येची मर्यादा आहे म्हणूनच न बसणारी बंदूक घेऊन जागा अडवू नका. आधी चार जणांच्या बंदुका रेंजवर खांद्याला लावून बघा, माप लिहून घ्या, मग अर्ज.

गावाकडे आजोबांची दुनळी आहे. तिच्यावर शिकलं तर?

मावळ, मुळशी, जुन्नर भागात पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेल्या दुनळ्या जुन्या घरांत आहेत. पहिली गोष्ट, परवाना ज्याच्या नावावर त्याचीच ती बंदूक. वारसाने आली असेल तर आधी कागद पूर्ण करा. दुसरी गोष्ट, जुनी बंदूक परवानाधारक कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नका. चेंबरची (नळीत काडतूस बसतं त्या जागेची) लांबी आणि नळ्यांची अवस्था बघावी लागते. आणि शिकायला ती फारशी बरी नाही: दोन ट्रिगर, उजवा कास्ट, आजोबांच्या मापाचा दस्ता. आठवण म्हणून जपा, क्लेवर दुसरी घ्या.

गालावर आणि खांद्यावर काळंनिळं पडतंय. सवय होईल का?

नाही, आणि होऊ देऊही नका. मार बसत राहिला की शरीर आधीच दचकायला लागतं, ट्रिगर ओढताना डोळे मिटतात आणि ही खोड जायला फार त्रास देते. गालाच्या हाडावर डाग असेल तर कास्ट किंवा कोंबाची उंची बघा. दंडावर असेल तर बट खांद्याच्या खोबणीत न बसता बाहेर लागतेय. छातीकडे असेल तर बटचं खालचं टोक. डाग कुठे आहे यावरून दोष सापडतो, म्हणून लपवू नका, प्रशिक्षकांना दाखवा. दोष निघेपर्यंत हलकी काडतुसं वापरा.

घरी सराव कसा करायचा?

रिकामी बंदूक, काडतुसं दुसऱ्या खोलीत, समोर आरसा. आरशातल्या स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा आणि बंदूक सावकाश खांद्यावर घ्या. बंदूक गालाकडे यायला हवी, गाल बंदुकीकडे जायला नको. बुबुळ रिबच्या वर, मधोमध दिसलं पाहिजे. उजवीकडे दिसलं तर वरचा कास्टचा भाग पुन्हा वाचा. रोज थोडा वेळ, पण प्रत्येक वेळी सावकाश. वेग आपोआप येतो. खिडकीकडे तोंड करून हा सराव करू नका, समोरच्या बिल्डिंगमधल्यांना तुमची बंदूक रिकामी आहे हे माहीत नसतं.

डावखुऱ्यांसाठी काडतुसं वेगळी असतात का?

नाही. १२ बोअर म्हणजे नळीच्या व्यासाच्या शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन एक पौंड, त्यात डावंउजवं काही नाही. ट्रॅप आणि स्कीटच्या आंतरराष्ट्रीय नियमांत छर्र्यांचं वजन जास्तीत जास्त २४ ग्रॅम असावं लागतं. खडकीच्या १८६९ सालच्या अॅम्युनिशन फॅक्टरीचं नाव १२ बोअरच्या शक्तिमान काडतुसांमुळे देशभरच्या बंदूकवाल्यांना ठाऊक आहे. पण स्पर्धेसाठी घेताना कुठल्याही काडतुसाच्या डब्यावरचं वजन आणि लांबी वाचा, आणि लांबी आपल्या चेंबरशी जुळते का ते नळीवर कोरलेल्या आकड्याशी ताडून बघा.